झिजलेली बाजू

पाटी पितळेची होती, आणि इतकी घासून लख्ख केलेली की थोरलीला तिच्यात आधी स्वतःचंच तोंड दिसलं. ते आधीच रागावलेलं होतं. अक्षरं तिला लागत नव्हती असं नाही, दोन इयत्ता ती शाळेत बसली होती. पण ही अक्षरं अशी बारीक आणि वेलबुट्टीची, की कोणी वाचू नये म्हणूनच कोरलेली. तिने शेजारी उभ्या सुनेला कोपराने ढोसलं आणि वाच म्हणाली.

सुनेने वाचलं. पाटी म्हणत होती की हा नागरिकांचा विश्रांती मंडप. शहरातली प्रतिष्ठित मंडळी संध्याकाळी इथल्या दगडी आसनांवर बसून पाण्याचा गारवा घेत. पुढे या जागेचा कपडे धुण्यासाठी वापर होऊ लागला आणि वास्तूची हानी झाली. आता ही वारसा वास्तू तिच्या मूळ रूपात आणि मूळ उपयोगासाठी नागरिकांना परत मिळत आहे.

“हानी कोणी केली म्हणते?” थोरलीने विचारलं.

“धुणेवाल्यांनी, आई.”

“म्हणजे आपण.”

“म्हणजे आपणच,” सून म्हणाली आणि डोक्यावरचं गाठोडं दुसऱ्या बाजूला सरकवलं.

थोरली पाटीवर थुंकली नाही, एवढंच काय ते तिने त्या दिवशी कोणावर उपकार केले.

ते धुणीघर होतं. लहान पोरालाही विचारा. शहराच्या मधोमध, चारी बाजूंनी कमानी, वर छप्पर, आत पाण्याचे दोन लांब हौद आणि हौदांच्या कडेने कपडे आपटायचे दगड. शहरात साथ आली होती, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा एका पैसेवाल्याला भीती वाटली की प्यायच्या पाण्यात लोकांची घाण मिसळते. त्याने हे बांधलं. लोकांची काळजी म्हणून बांधलं की स्वतःच्या जिवाच्या भीतीने, ते त्याचं त्याला ठाऊक. थोरलीच्या सासूची सासू तिथे धुवायची. लढाईच्या काळात इस्पितळाच्या पट्ट्यांची गाठोडी यायची, आणि हौदाचं पाणी दुपारपर्यंत गुलाबी व्हायचं, असं सासू सांगायची. पुढे खानावळींची टेबलक्लॉथं आली, हॉटेलांच्या चादरी आल्या. मग घरोघर मशिनं आली आणि लोक म्हणाले, आता तुमचं संपलं. काही संपलं नाही. मशिनला डाग कुठला ते कळत नाही, ते सगळ्यांना एकाच चक्रात फिरवतं, सरकारसारखं.

तर असं ते धुणीघर, दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं. गळतंय, फरशी खचलीय, वारसा यादीत घेतलंय, काम झालं की तुमची जागा तुम्हाला, असं भरसभेत सांगितलं. बायांनी गाठोडी उचलली आणि शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथे टँकर आला तर पाणी, आणि तेही असं की पांढरा शर्ट बुडवला तर बदामी निघावा. गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. दोन सुना एका घरच्या, एक दुसऱ्या घरची, बाजारात दुकानांत कामाला लागल्या. थोरलीची सून तेवढी टिकली होती. तीही हल्ली जाहिराती वाचायची, आणि थोरली बघतेय असं दिसलं की कागदाची घडी घालून त्यावर इस्त्री ठेवायची.

तशी ही शहराची जुनी खोड. थोरलीच्या डोळ्यांदेखत किती गेलं. धान्याच्या कोठारात आता परदेशी पाहुणे झोपतात, जिथे पूर्वी उंदीर झोपायचे, आणि उंदीर फुकट झोपायचे. टपाल कचेरीत कॉफी मिळते. नाटकघराचा पुढचा तोंडवळा ठेवलाय आणि मागे गाड्या लावतात, म्हणजे मेलेल्या माणसाचा मुखवटा भिंतीला टांगावा तसं. प्रत्येक दारात अशीच एक पितळी पाटी. तेव्हा हे असं होतं, आता हे असं आहे. मधली माणसं कुठे गेली ते पाटीवर कधी नसतं. थोरलीने आजवर या पाट्यांकडे लक्ष दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घराची राख आपल्या डोळ्यात जात नाही तोवर माणूस वाऱ्याला दोष देत नाही.

आता गेली होती डोळ्यात. ती तशीच, गाठोड्यासकट, समोरच्या कचेरीत शिरली.

कचेरीत वारसा खात्याचे साहेब होते आणि त्यांच्या शेजारी पाटी लिहिणाऱ्या इतिहासाच्या बाई. बाई तरुण होत्या, चष्म्याच्या, बोलायला गोड. त्यांनी थोरलीला खुर्ची दिली आणि बसा ना आजी म्हणाल्या.

“मी तुमची आजी नाही,” थोरली म्हणाली. “असते तर पाटी लिहिण्याआधी विचारायला शिकवलं असतं.”

साहेब खोकले. बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी संगणकावर एक जुना फोटो काढून थोरलीपुढे फिरवला. धुणीघरच, पण कोरं करकरीत. आणि आपटायच्या दगडांवर ओळीने पुरुष बसलेले, हॅट, काठ्या, मिशा, एक जण तर पायावर पाय टाकून. बाईंनी समजावलं की जागेचा हा सगळ्यात जुना फोटो. दगडांवर माणसं बसलेली स्पष्ट दिसतात. एकही कपडा नाही, एकही बाई नाही. तेव्हा हा मूळ बसायचा मंडप, धुणं नंतर आलं, बहुधा अगदी अलीकडे.

थोरलीने फोटो नाकाजवळ जाऊन पाहिला आणि तिला हसावं की रडावं कळेना. फीत कापायच्या दिवसाचा फोटो तो. बांधलं त्या दिवशी साहेब लोक येऊन बसले, फोटो काढला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाया आल्या आणि उभ्या राहिल्या त्या उभ्याच. उभ्या बाईचा फोटो कोण काढणार? तिने हे सगळं सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं, शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले इतक्या मोठ्याने. बाई म्हणाल्या, तुमचं खरं असेलही, पण माझ्याकडे फोटो आहे आणि तुमच्याकडे बोलणं आहे. जुनी खूण काही असेल तर दाखवा, मी पाटी बदलीन.

साहेबांनी लगेच पुस्ती जोडली की बदल काय तो उद्घाटनाच्या आत. त्या दिवशी हौदाची पूर्वेकडची सगळी बाजू हॉटेलवाल्याच्या ताब्यात द्यायची आहे, मूळ उपयोग म्हणून, बसायला. किल्ली गेली की खात्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणजे एवढंच होतं सगळं. किल्ली हॉटेलवाल्याकडे जायच्या आत खूण दाखवायची, नाहीतर धुणेवाल्या कायमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तिथून कुठे ते कोणी पाटीवरही लिहिणार नाही.

पण थोरलीला काळजी वाटली नाही. उलट तिच्या अंगात बळ आलं. खूण? अहो, खुणेशिवाय काय होतं तिथे? पिढ्यान् पिढ्या ओले कपडे एकाच जागी आपटून दगडाला खळगा पडतो, परातीसारखा. आणि तिचा दगड तर हजारांत ओळखू येईल. त्याला दोन खळगे होते. तिची सासू उजव्या हाताची, थोरली डावरी. नवी सून म्हणून ती त्या दगडाशी उभी राहिली तेव्हा सासूने हुकूम सोडला की आपल्या घराण्यात उजव्या हाताने धुतात. थोरलीने हो म्हटलं आणि डाव्या हाताने धुतलं. सासू मरेपर्यंत दोघी एकाच दगडावर, पाळीपाळीने, एक या बाजूला, एक त्या बाजूला. उजवीकडचा खळगा सासूचा आणि तिच्याही सासूचा, खोल. डावीकडचा थोरलीचा एकटीचा, जरा उथळ, पण कमी वर्षांत पाडलेला. मध्ये उंचवटा राहिला होता, शेताच्या बांधासारखा. त्या बांधावरून दोघींनी एकमेकींना आयुष्यभर बोल लावले.

चला दाखवते, म्हणाली ती, आणि साहेबांना खरंच उठवून रस्ता ओलांडून घेऊन गेली. कुलूप काढलं. आतली नवी फरशी चकचकत होती, हौद कोरडे आणि निळ्या रंगाचे. आणि दगड.

दगड टेबलासारखे सपाट होते. सगळे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, प्रत्येकावरून तळहात फिरवला. ना खळगा, ना बांध, ना काही.  ज्या बाईने नवऱ्याच्या तेराव्यालाही तीन जणांना सुनावलं होतं, तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, हे सुनेने पुढे सगळ्यांना सांगितलं. इतिहासाच्या बाईंनी तिच्या दंडाला हलकेच हात लावला, आणि थोरलीला त्या हाताचा फोटोतल्या मिशांपेक्षा जास्त राग आला.

रस्ताभर ती एकच गोष्ट घोळवत आली: चोरले. जुने दगड विकून खाल्ले कोणीतरी, एखाद्या बंगल्याच्या बागेत पडले असतील, आणि त्यांच्या जागी हे आणून बसवले. आणि हे कोणाला ठाऊक असणार? तिच्या पोटच्या पोराला. कारण धुणीघराच्या कामावर मुकादम होता तो. घरात पाण्याचं काम, बाहेर दगडाचं. लहानपणीच त्याने साबण सोडून थापी धरली होती, आणि ती चिडायची सोडून मनातून फुशारली होती, की आपली जागा आपलंच पोरगं दुरुस्त करतंय.

मुकादम संध्याकाळी आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. तिने वाढलं नाही. ताट समोर, भांडं शेजारी, आणि ती डाव घेऊन उभी.

“दगड कुठे विकलेस?”

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको चुलीकडे बघत होती. तो म्हणाला, विकले नाहीत, तेच आहेत. तेच कसे असतील, ती म्हणाली, माझ्या तळहाताला काय मोतीबिंदू झालाय?  हा गप्प बसणं बापाकडून शिकला होता, आणि बापाचं थोरलीने कधी चालू दिलं नव्हतं. तिने डाव भांड्यात आपटला.

मग निघालं. फरशी उखडली तेव्हा दगड काढून अंगणात रचले होते. मोजमापं घेऊन गेलेल्या वास्तुवाल्यांचं ठेकेदाराशी फाटलं होतं, ते निघून गेले. नवे आले त्यांनी जुनं काही पाहिलंच नव्हतं. ठेकेदार म्हणाला, असले झिजके दगड कशाला, फेका, नवीन मागवू. भरायला गाडीसुद्धा आली होती. तेव्हा हा पुढे झाला आणि म्हणाला की फेकू नका, मी त्यांना नव्यासारखे करून देतो. आणि एकेक दगड उलटा करून बसवला. खालची बाजू वर. खालची बाजू कधी कोणी वापरलीच नव्हती, ती कोरीच होती.

“कॉलर उलटवतो तसं, आई,” तो म्हणाला. आणि म्हणताना त्याचा चेहरा जरा उजळलासुद्धा. “मला वाटलं, तू बघशील आणि म्हणशील, वा.”



ज्याला हे कळणार नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. शर्टाची कॉलर घडीवर झिजते, धागे निघतात. गरिबाचा शर्ट असेल तर धुणारीण ती उसवते, उलटी करते, परत शिवते. झिजलेली बाजू मानेकडे जाते, आतली कोरी बाजू वर येते, शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. चादर मधोमध विरली की मधून फाडायची, काठ मध्ये आणून जोडायचे. या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी हे यायचं. आणि शिकवणारी कोण? झिजलेली बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हे वाक्य या घरात जितक्या वेळा म्हटलं गेलं तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या कोणाचा पोरगा असता तर त्याने दगड फेकले असते, नाहीतर विकले असते. उलटे करून बसवायची अक्कल फक्त धुणेवालीच्या पोराला सुचणार.

थोरलीने ताटात वाढलं. खूप वाढलं, रागाने वाढतात तसं. मग म्हणाली की उद्घाटनाच्या आत एक तरी दगड परत सुलटा करायचा, लोकांसमोर. तो म्हणाला, ते होणार नाही. लोकांसमोर दगड उलटला की ठेकेदार त्याच्यावर ढकलणार, खातं म्हणणार मुकादमाने वारसा वास्तूत फसवाफसवी केली. जुन्या न्यायालयाचं काम त्याला मिळायचं होतं. त्या दिवशी समारंभात त्याचं नाव घेऊन त्याला फूल देणार होते.

“फूल,” थोरली म्हणाली.

“हो.”

“आणि ही?” तिने सुनेकडे बोट केलं. “ही उद्या कोणाच्या तरी दुकानात दुसऱ्याचे कपडे घडी करायला जाईल, ते चालेल. तुझं फूल सुकलं की त्यालाही उलटव.”

त्यापुढे दोघं उद्घाटनापर्यंत बोलली नाहीत. निरोप सुनेकरवी जायचे. आईला सांग पाणी तापलंय. त्याला सांग मला ठाऊक आहे. सून मधल्या मध्ये भरडली गेली आणि एकदा तिने दोघांचे निरोप मुद्दाम उलटसुलट दिले, तर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

उद्घाटनाला थोरली सगळ्या बायांना घेऊन गेली. तिची जन्माची वैरीण चिमटी सुद्धा आली. कपडे वाळत घालायचा चिमटा कायम दातांत धरून बोलायची म्हणून ती चिमटी. दोघींचे दगड शेजारी शेजारी होते आणि कोणाचं पाणी कोणावर उडालं यावरून त्यांची तीस वर्षं मजेत गेली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडं होतं, शेडमधून भिजवून आणलेलं. पाणी गळत होतं. दारावरच्या शिपायाने विचारलं, हे काय. थोरली म्हणाली, आम्ही हानी करायला आलोय.

आत खुर्च्या, फुलं, भिंतीवर फोटोंच्या जोड्या, एक तेव्हाचा, एक आताचा. दाराशीच, सगळ्यांना दिसेल असा, एक सपाट दगड जरा उंचावर बसवलेला, आणि त्यावर उभ्या राहून इतिहासाच्या बाई बोलत होत्या. हॉटेलवाला पहिल्या रांगेत. साहेबांच्या हातात किल्ली, तिला लाल फीत. मुकादम बाजूला उभा, हात पाठीमागे, अंगात इस्त्रीचा शर्ट. कॉलर उलटवलेली. सुनेने शिवली होती, इतकी सफाईने की आईशिवाय कोणाला दिसली नसती.

बाई आसनं या शब्दापर्यंत आल्या आणि थोरली उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली की ही आसनं उपडी आहेत. माणूस उपडा झोपला की त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून त्याला तोंडच नाही असं म्हणता येत नाही. एक दगड उलटा करा, मी सांगते तो. खाली दोन खळगे निघाले नाहीत तर मी स्वतः किल्ली त्या साहेबांच्या खिशात घालते.

साहेब म्हणाले, बसून घ्या. हॉटेलवाला घड्याळ बघायला लागला. ठेकेदार हसला आणि म्हणाला की दगड हलवायला माणसं लागतात, पहार लागते, म्हातारीच्या बोलण्याने दगड हलत नाहीत. थोरलीने पोराकडे पाहिलं नाही. तिने मान ताठ ठेवून समोर पाहिलं, आणि तिच्या गाठोड्यातलं पाणी नव्या फरशीवर टपटपत राहिलं.

मग पहारीचा आवाज आला. मुकादमाने ती कोपऱ्यातून काढली होती, कामाची हत्यारं अजून तिथेच होती. तो मधोमध आला आणि म्हणाला, मीच उलटे बसवलेत. एवढंच. आणि आईला विचारलं, कुठला.

थोरलीने बोट दाखवलं. नळापासून तिसरा, तिची जागा, आंधळीला विचारा. मुकादम तोंड उघडून काही सांगणार होता, पण तिने त्याला बोलू दिलं नाही, तिसरा म्हणजे तिसरा. त्याने सांध्यात पहार घातली, दोन गवंडी मदतीला धावले, चुना तडकला, दगड उठला, कलला, धाडकन सुलटा झाला.

एकच खळगा होता. आणि एक कोपरा तुटका.

“अगं बाई,” चिमटी चिमट्याआडून म्हणाली, “हा तर माझा.”

बाया हसल्या, खुर्च्यांतले लोकही हसले, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभराची खात्री, आणि खाली निघाली चिमटी. चिमटी आपल्या दगडावरून हात फिरवत होती, जसा कोणी हरवलेल्या गुराच्या पाठीवरून फिरवावा, आणि तेवढ्यातही म्हणायला विसरली नाही की तीस वर्षं थोरली माझ्या जागेवर डोळा ठेवून होती ती अशी.

“माझा कुठे आहे?” थोरलीने पोराला विचारलं. किती दिवसांनी ती त्याच्याशी सरळ बोलली.

मुकादम खाली बघत होता. म्हणाला, तेच सांगत होतो. तुझा मी इथे नाही लावला. तुझा दारात लावलाय. सगळ्यांच्या पुढे. जो येईल त्याला आधी तो दिसावा म्हणून.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात दगडावर इतिहासाच्या बाई उभ्या होत्या, हातात कागद. त्यांनी पायांखाली पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या बाईंनी त्या दिवशी एकच शहाणपणाची गोष्ट केली, काही न बोलता खाली उतरल्या.

तो दगड जड होता. चौघं लागले. उलटला तेव्हा त्याच्या पोटात अजून मातीचुना भरलेला होता. थोरलीने गाठोड्यातली एक ओली उशीची खोळ काढली आणि गुडघे टेकून पुसायला घेतलं. आधी उजवा खळगा आला, खोल, गुळगुळीत, हाताची ओंजळ पूर्ण बसेल असा. मग बांध. मग डावा.

 बाई वाकल्या, बोटांनी खोली मापू लागल्या, पुन्हा मापू लागल्या. हे अलीकडचं नाही, त्या हळूच म्हणाल्या. हे तर पिढ्यांचं आहे. आणि त्यांचा चेहरा खुलला, इतका खुलला की थोरलीला वाटलं, चला, आता तरी. बाईंनी साहेबांना बोलावलं, फोटोवाल्याला बोलावलं. दुर्मिळ, म्हणाल्या. अमूल्य. पाटी आजच्या आज बदलायला हवी. याला हात लावू नका कोणी. आणि पाहता पाहता शिपायाने पितळी खांब आणले आणि दगडाभोवती लाल दोरी बांधली.

साहेबांनी किल्ली खिशात घातली. हॉटेलवाला काहीतरी बोलायला उठला आणि त्याच्या बायकोने त्याला कोटाला धरून खाली बसवलं. म्हणजे जिंकलं म्हणायचं. पण थोरली दोरीच्या बाहेर उभी होती, आणि दोरीच्या आत तिचा दगड, आणि भोवती माणसं तिच्या सासूच्या खळग्याचे फोटो काढत होती. सासूचा फोटो हयातीत कोणी काढला नव्हता. आता तिच्या झिजण्याचा काढत होते. उद्या त्यांनी कापूस घालून काचेच्या पेटीत ठेवला असता दगड, आणि शेजारी पितळेवर लिहिलं असतं, येथे बाया धुवत. धुवत. होत्या आणि गेल्या.

ती दोरी ओलांडून आत गेली. गुडघा दुखायचा तिचा, पण पाय असा उचलला की पोरगी लाजावी. शिपाई आडवा आला तेव्हा ती त्याला म्हणाली की बाबा, तू माझ्या घरात उभा आहेस.

साहेब म्हणाले, बाई, वास्तू खराब होईल.

“खराब म्हणजे काय ते बघायचंय का तुम्हाला?” थोरली म्हणाली. “हा खळगा म्हणजे खराबी. हीच तुमची अमूल्य. आम्ही खराब केलं म्हणून तर तुम्ही फोटो काढताय. तुमची ती सपाट बाजू बघायला कुत्रं आलं नसतं.”

मग पोराकडे वळली. पाणी सोड, म्हणाली. मुकादमाने साहेबांकडे पाहिलं नाही. ठेकेदार काहीतरी ओरडत होता, न्यायालय, पुढचं काम, असं काहीसं. मुकादम हौदाच्या टोकाला गेला आणि खाली वाकून चक्र फिरवलं. बराच वेळ नुसती हवा आली, नळ खाकरले, गंजाचं पाणी आलं, मग साफ. कोरडा निळा हौद काळा होत गेला. चिमटीने तोवर आपलं गाठोडं सोडलंही होतं. बाकीच्या बाया दगडांपाशी उभ्या राहून गवंड्यांना म्हणत होत्या, आमचाही उलटव रे, बघतोस काय.

थोरलीने सुनेला आत घेतलं. दगडाशी उभं केलं आणि म्हणाली, हं, धर चादर. डावीकडे उभी राहा, माझ्या जागी, तुला शिकवलंय तसं.

सून आत आली. हॉटेलच्या मोठ्या चादरीचं टोक तिने मुठीत धरलं, दोन पावलं इकडे तिकडे केली, खांदा सैल केला, आणि उजवीकडे उभी राहिली.

उजव्या हाताची होती ती. थोरलीला ते ठाऊक होतं, घरात रोज दिसत होतं, पण शेडमध्ये सिमेंटच्या कठड्यावर कोण कुठे उभं राहतं याला काही अर्थच नव्हता. आता चादर वर गेली आणि म्हाताऱ्या सासूच्या खळग्यात अशी बसली, अशी नेमकी बसली, जशी त्याच्यासाठीच थांबली होती. तुषार उडाले. फोटोवाल्याच्या भिंगावर गेले, साहेबांच्या बुटांवर गेले, थोरलीच्या तोंडावर सगळ्यात जास्त गेले.

“मेली तरी म्हातारीचंच चालतं इथे,” थोरली म्हणाली. तोंड पुसलं नाही. मग बाह्या वर केल्या, गाठोड्यातून दुसरी चादर काढली आणि डाव्या बाजूला, बांधाच्या अलीकडे, जाऊन उभी राहिली.